ज्याच्या त्याच्या नावानं

विला ताकुआरालच्या वीज सहकारी संस्थेत मी तक्रारीच्या खिडकीवर बसते. बावीस वर्षं झाली. लाइट गेली, फोन बंद पडला, इंटरनेट रेंगाळायला लागलं, की लोक आधी माझ्याकडे येतात. मी ऐकून घेते, वहीत लिहिते आणि मान वळवून मागच्या खोलीत हाक मारते. त्या मागच्या खोलीत इर्मा बोर्गेत्तो बसायची.

इर्मा सतराव्या वर्षी टेलिफोन एक्स्चेंजवर लागली. गावात तेव्हा एकशे चाळीस फोन होते आणि प्रत्येक कॉल हातानं जोडावा लागे. कोण बोलतंय, असं तिनं कधी विचारलं नाही. आवाजावरून ओळखायची. नोटरीबाईंचा नवरा शुक्रवारी दुपारी कुठे असतो हेसुद्धा तिला माहीत होतं, आणि एकदा बाईंनी त्याच्या ऑफिसचा नंबर मागितला तेव्हा तिनं भाबडेपणानं कॉल थेट तो होता तिथेच जोडून दिला. त्या घरात पुढे दोन महिने ताटं आदळत होती म्हणतात. लग्न तिनं केलं नाही. एक जण होता विचारणारा, पण तो धीर गोळा करून एक्स्चेंजवरच फोन करायचा, आणि ही त्याला सांगायची की ड्यूटी संपल्यावर बोल, लाइन अडून राहते.

आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं तेव्हा बाकीच्या तिघी घरी बसल्या. इर्मा नव्या यंत्राचं जाडजूड पुस्तक घेऊन बसली. पुस्तक इंग्रजीत होतं. तिनं शाळेतून शब्दकोश मागून आणला, तो आजतागायत परत केलेला नाही. मग संस्थेनं इंटरनेट सुरू केलं. तेव्हाही तेच. पुरुषमंडळी खांबांवर चढली आणि खांबांतून जे वाहत होतं ते इर्माकडे आलं.

देल्फोर क्लोस्टर तिच्या हाताखाली तयार झाला. बावीस वर्षांचा असताना आला, तेव्हापासून दोघं त्या खोलीत समोरासमोर बसत. येर्बाचा, म्हणजे आमच्या कडवट पाल्याच्या चहाचा, एकच तुंबा दोघांच्या मध्ये ठेवलेला, गरम पाण्याचा थर्मास तिच्या बाजूला, कारण पाणी ओतायचा मान तिनं कुणाला दिला नाही. देल्फोर अबोल. दार लावून निघाला की वीस पावलांवरून परत येऊन कडी हलवून बघणारा माणूस. त्याची आई मला म्हणायची, "माबेल, माझं पोरगं चहात साखर घालतं तेसुद्धा मोजून, आणि मग विचारतं, घातली का मी?"

आता स्विचबद्दल थोडं सांगायला हवं. चोवीस भोकांची लोखंडी पेटी असते. प्रत्येक भोकातून एक तार निघते. एक शाळेला, एक बँकेला, एक दवाखान्याला. कुठलं भोक चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, हे ऑफिसात बसून कॉम्प्युटरवरून ठरवता येतं. त्यासाठी पेटीत शिरावं लागतं, म्हणजे नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. आमच्याकडे अशा सोळा पेट्या होत्या आणि सोळाही पेट्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. सुरुबी८८. सुरुबी म्हणजे नदीतला तो मिशीवाला मोठा मासा. अठ्ठ्याऐंशी साली तेव्हाच्या मॅनेजरनं एक पकडला होता, त्याची आठवण. हा पासवर्ड इर्माला, देल्फोरला, खांबांवरच्या तिघांना, मला आणि बहुधा कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यालाही माहीत होता. काही पेट्यांच्या दाराला तो आतून चिकटवलेला होता.

ज्या मार्च महिन्याची ही गोष्ट, त्यात एका बुधवारी सकाळी सान अतानासिओच्या दवाखान्याचा फोन बंद पडला. सान अतानासिओ इथून अठ्ठावीस किलोमीटर, सगळा कच्चा रस्ता, दूधवाल्यांची वस्ती. फोन आणि इंटरनेट दोन्ही आमच्याच तारेवर, आणि मोबाइलला तिथे रेंज नाही. त्याच सकाळी एदगार्दो हाबर्कोर्नच्या बायकोला, सिल्विनाला, दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. नर्सनं अॅम्ब्युलन्ससाठी फोन उचलला तर तो मुका. अर्धा तास ती प्रयत्न करत राहिली. शेवटी एदगार्दोनं बायकोला दुधाच्या पिकअपमध्ये घातलं, नर्स तिच्याजवळ बसली, आणि मुलगी विला ताकुआरालच्या अलीकडे सहा किलोमीटरवर, पवनचक्कीजवळ, रस्त्यातच जन्मली. मायलेकी सुखरूप होत्या. पण एदगार्दो तिथून तडक माझ्या खिडकीसमोर आला. त्याच्या शर्टाला रक्त होतं. तो ओरडला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. त्यानं एवढंच विचारलं, की फोन कुणी बंद केला.

इर्मानं आत जाऊन पाहिलं. सान अतानासिओच्या पेटीतलं चौदा नंबरचं भोक बंद होतं. बिघाड नव्हता. कुणीतरी हुकूम देऊन ते बंद केलं होतं. तिनं ते चालू केलं आणि दोन मिनिटांत दवाखान्याचा फोन जिवंत झाला.

कुणी केलं, हे पेटीला विचारून उपयोग नव्हता. पेटीच्या लेखी आम्ही सगळे एकच होतो. पण त्या सकाळी देल्फोर त्याच पेटीत काम करत होता, तिथल्या शाळेची तार बदलत होता. त्यानं स्वतःच तसं सांगितलं. संचालक मंडळाला तेवढं पुरलं. अध्यक्ष होते रीडेलसाहेब, त्यांचं गुरांच्या खाद्याचं दुकान आहे, मनानं वाईट माणूस नाही. पण सगळं गाव दुकानात येऊन एकच प्रश्न विचारत होतं आणि त्यांना द्यायला एक नाव हवं होतं.

इर्मा मंडळासमोर गेली. मी चहापाण्यासाठी आत होते म्हणून ऐकलं. ती म्हणाली की देल्फोरनं हे केलेलं नाही. रीडेलसाहेबांनी विचारलं, मग कुणी केलं. ती म्हणाली, माहीत नाही. ते म्हणाले, माहीत नाही तर त्यानं केलं नाही हे तरी कसं माहीत.

"पूर्वी एक्स्चेंजवर मी आवाजावरून माणूस ओळखत होते," इर्मा म्हणाली. "या पेट्यांना कान नाहीत. आपण सगळे एकाच नावानं आत शिरतो. मग एकावर बोट कसं ठेवता?"

"मग त्यांना कान लाव," रीडेलसाहेब म्हणाले. "तोवर तो मीटर वाचेल."

देल्फोरला मीटर वाचायला पाठवलं. मोटरसायकल आणि एक वही दिली.  तो आपली खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून गेला. इर्मानं त्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन त्याला विचारलं, की तू भांडत का नाहीस. तो जे म्हणाला ते तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती. तो तिला मानानं दोन्या, म्हणजे बाई, म्हणायचा. तो म्हणाला होता, "दोन्या इर्मा, मी केलं नाही असं मला वाटतं. पण पहिल्यासारखी खात्री आता राहिली नाही. मीच केलं असेल."

त्याच आठवड्यात तिनं कामाला सुरुवात केली.

तिला करायचं होतं ते असं. ऑफिसात एक सर्व्हर ठेवायचा, म्हणजे एक कॉम्प्युटर, ज्याला आम्हा सगळ्यांची वेगवेगळी नावं आणि वेगवेगळे पासवर्ड माहीत. पेट्यांनी आपणहून कुणालाच ओळखायचं नाही. दारात माणूस आला की पेटीनं ऑफिसातल्या या सर्व्हरला विचारायचं, हा अमुक म्हणून सांगतोय, घेऊ का आत. सर्व्हर हो म्हणाला तरच दार उघडायचं. आणि कोण कधी आत गेलं, काय करून बाहेर आलं, ते सर्व्हरनं लिहून ठेवायचं. पेटी आणि सर्व्हर यांच्यातही एक खुणेचा शब्द ठरलेला असतो, म्हणजे भलतंच कुणी मध्ये येऊन हो म्हणू नये.

ऐकायला सोपं आहे. इर्मा तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. मागच्या खोलीतला एक टाकून दिलेला कॉम्प्युटर तिनं झटकून घेतला, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यात घातलं, आणि इंग्रजी पुस्तक, शब्दकोश आणि चष्मा घेऊन बसली. समोरची खुर्ची रिकामी होती. येर्बा ती एकटीच प्यायची. गावात दुपारी बारा ते चार सगळं बंद होतं, माणसं जेवून झोपतात. इर्मानं त्या महिन्यांत दुपारची झोप सोडली. आमच्याकडे हे एखाद्यानं धर्म बदलावा इतकं मोठं आहे. तिची बहीण माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती, खिडकीवर, रीतसर.

तालमीसाठी तिनं एक जुनी पेटी टेबलावर मांडली. पहिलं खातं माझ्या नावानं उघडलं. मला बोलावून म्हणाली, टाक पासवर्ड. मी टाकला. आत घेतलं नाही. मी म्हटलं, बिघडलंय तुझं यंत्र. तिनं मला पुन्हा टाकायला लावला आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली. मी माझ्याच कुत्र्याचं नाव चुकीचं लिहीत होते. तिला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मार्चनंतर ती पहिल्यांदा हसत होती.

मे संपेपर्यंत गावातल्या पंधरा पेट्या तिनं एकेक करून सर्व्हरला जोडल्या. आधी सर्व्हरला विचारायचं, आणि सर्व्हर मेला असेल, उत्तरच देत नसेल, तर पेटीतच लपवून ठेवलेलं एक राखीव नाव चालवायचं, असा क्रम ती प्रत्येकीला शिकवायची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उरली सान अतानासिओची पेटी.

त्या पेटीसाठी तिला काहीतरी वेगळं, चांगलं करावंसं वाटलं असावं. बाकी पंधरांना एकच खुणेचा शब्द दिला होता. हिच्यासाठी तिनं नवा शब्द निवडला. 'ञान्दू', आमच्या माळावरचा तो उंच, पळणारा पक्षी. शब्द सुरू होतो त्या अक्षरावर आमच्याकडे एक नागमोडी रेघ असते. माणसाला ती रेघ दिसते. पण अक्षर साठवायची सर्व्हरची रीत वेगळी होती आणि पेटीची वेगळी. एकाच शब्दाचे दोन शब्द झाले. पेटीनं सर्व्हरला विचारलं, सर्व्हरनं उत्तर दिलं, पण खूण जुळेना, म्हणून पेटी कुणाचंच ऐकेना. आणि त्या एका पेटीत राखीव नावाची ओळ घालायची इर्मा विसरली होती. बदल मात्र सवयीनं पक्का करून बसली.

पुढच्या क्षणी सान अतानासिओच्या पेटीचं दार सगळ्या जगाला बंद झालं. दवाखान्याचा फोन चालू होता, शाळेचं इंटरनेट चालू होतं, पण पेटीत आता कुणीच शिरू शकत नव्हतं. इर्माही नाही.

"माबेल," ती आतून म्हणाली, "तुझी गाडी चालू आहे का?"

पेटीच्या अंगावर एक वेगळं भोक असतं. तिथे प्रत्यक्ष केबल लावली की जुना पासवर्ड चालतो. तेवढी एक वाट तिनं सर्व्हरच्या कारभारातून बाहेर ठेवली होती. म्हणजे जाऊनच यायला हवं होतं. दोन दिवस पाऊस लागून राहिलेला, रस्ता चिखलाचा. संस्थेचं पिकअप कामावर गेलेलं. मी म्हटलं, माझी गाडी चालू आहे, पण ती चिखलात गेली तर तुला ढकलावी लागेल. ती म्हणाली, ढकलेन.

निघण्याआधी तिला त्या पेटीची जुनी मांडणी बघायची होती, म्हणजे तिथे गेल्यावर चूक होऊ नये. पेट्यांशी बोलायचा तिच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम दर वेळचं सगळं बोलणं आपसूक एका फोल्डरमध्ये साठवत असे. वर्षांपूर्वी कुठलंतरी बटण दाबलं गेलं असेल. तिला ते माहीतही नव्हतं. जुनी मांडणी शोधता शोधता ती त्या फोल्डरपाशी पोचली आणि तिथे तारखा होत्या. मार्चमधला तो बुधवारही होता.

आमच्याकडे जून म्हणजे हिवाळा; मी कोट घालून दारात उभी होते. ती स्क्रीनकडे बघत होती.  मी विचारलं, काय झालं. तिनं मला जवळ बोलावलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पेटीत शिरलं की प्रत्येक ओळीच्या आधी पेटी आपलं नाव लिहिते. तिथे लिहिलं होतं, सान-अतानासिओ. पुढे इर्माच्या हातचा हुकूम होता. चौदा नंबर बंद.

त्या सकाळी ती गावातल्या चौथ्या पेटीत, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाची तार काढून टाकत होती. तीही चौदा नंबरची. स्क्रीनवर दोन्ही पेट्यांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि ती चुकीच्या खिडकीत लिहून गेली.

"मला तेव्हा ते दोनदा बंद करावं लागलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, पहिल्यांदा नीट लागलं नसेल."

मग तिनं ते पान छापलं, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं, केबल घेतली आणि आम्ही निघालो.

 वाटेत पवनचक्की गेली तेव्हा तिनं मान वळवून तिकडे पाहिलं. दोनदा गाडी रुतली, दोन्हीदा ती खरोखरच खाली उतरून ढकलायला लागली, आणि गुडघ्यापर्यंत चिखलात माखली. तिचा उजवा गुडघा दुखरा होता, पण मी काही बोलावं अशी तिची मुद्रा नव्हती. सान अतानासिओत शिरताना तिनं विचारलं, आज देल्फोर कुठल्या भागात आहे. मला माहीत होतं. मीटरच्या वह्या माझ्याकडूनच जातात. तो तिथेच होता.

दवाखान्यामागच्या खांबाशी त्याची मोटरसायकल दिसली. तो बागेच्या कुंपणावरून वाकून मीटर वाचत होता. आम्हाला पाहून सरळ झाला. इर्मा त्याच्यापाशी गेली. मी गाडीजवळ थांबले, पण वारा माझ्याकडे होता, ऐकू येत होतं.

"देल्फोर, ती मी होते," ती म्हणाली. दुसरी काही प्रस्तावना केली नाही. खिशातून कागद काढून त्याला दिला.

त्यानं वाचला. त्याला समजायला वेळ लागला नाही, तिनंच शिकवलेला होता. तिसऱ्या-चौथ्यांदा वाचून त्यानं विचारलं, "म्हणजे मी नाही?"

"तू नाहीस."

"तीन महिने मी रोज सकाळी उठून ते पुन्हा पुन्हा करून बघतोय. मनात. कुठली कळ दाबली, मग कुठली." त्यानं कागदाची पुन्हा घडी घातली. "आईला म्हणालो, मला काही आठवत नाही, मला डॉक्टरकडे ने. आणि तुम्ही म्हणत होता की तू केलं नाहीस. कशावरून म्हणत होता?"

"तुला ओळखते म्हणून."

"आणि स्वतःला?"

 त्यानं कागद तिच्या हातात परत दिला, वही उचलली आणि तो चालू लागला. ती त्याला थांबवायला गेली नाही. खांबाकडे वळली. पेटी माणसाच्या दीडपट उंचीवर होती, नर्सनं शिडी आणून दिली. इर्मानं पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि तिसऱ्या पायरीवर तिचा गुडघा अडला. ती तशीच अडकून उभी राहिली, वर जाईना, खाली येईना. मी धावले. पण माझ्याआधी देल्फोर परत आला होता. कोपऱ्यापर्यंत जाऊन वळला होता.

"उतरा खाली," तो म्हणाला. "केबल द्या."

तो वर चढला. ती खालून सांगू लागली आणि तो म्हणाला की माहीत आहे. मांडीवर लॅपटॉप घेऊन शिडीवर बसला. खुणेचा शब्द काय ठेवला होता, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितल्यावर त्यानं वरून खाली तिच्याकडे पाहिलं.

"नागमोडी रेघेसकट?"

"रेघेसकट."

"तुम्हीच मला सांगितलं होतं, यंत्राशी बोलताना असली अक्षरं वापरू नको."

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

त्यानं शब्द बदलला, राखीव नावाची ओळ घातली, आणि दोनदा तपासून खाली उतरला. नर्सनं तिघांना आत बोलावून गरम दूध आणि काल तळलेल्या तोर्ता फ्रितास, म्हणजे जाड पुऱ्या, दिल्या. त्यानं इर्माकडे न बघता खाल्लं, पण आमच्याच टेबलावर बसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन रीडेलसाहेबांकडे गेली. ते पोत्यांमध्ये बसले होते. त्यांनी वाचलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले की इर्मा, आता झालं ते झालं. मुलगी धडधाकट आहे. सर्व्हर चालू झाला. देल्फोरला सोमवारी परत बोलावू, त्याचं कारण विचारायला कुणी येणार नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटी हे कशाला. हा कागद फाडून टाक.

तिनं विचारलं, देल्फोरचं नाव घेतलंत तेव्हा दार लोटलं होतं का.

ऑगस्टमध्ये संस्थेची वार्षिक सभा क्लबच्या हॉलमध्ये झाली. एरवी चाळीस माणसं येतात, त्यातली अर्धी नंतरच्या जेवणासाठी. त्या वेळी दोनशे असतील. बातमी फुटली होती, काय ते कुणाला नीट माहीत नव्हतं. इर्मा निळा कोट घालून आली होती. तिनं चष्मा लावला आणि तारीख, वेळ, पेटीचं नाव, आपलं नाव, असं सगळं वाचून दाखवलं. मीटर वाचायला ज्याला पाठवलं त्याचा काही दोष नव्हता, हेही सगळ्यांसमोर सांगितलं, त्याचं पूर्ण नाव घेऊन, आईवडिलांच्या दोन्ही आडनावांसकट. देल्फोर शेवटच्या रांगेत आईशेजारी बसला होता. तो जमिनीकडे बघत होता, पण त्याची आई ताठ बसून चारी बाजूंना मान फिरवत होती, कोण कोण ऐकतंय ते बघत.

एदगार्दो हाबर्कोर्न उठला.  कडेवरची पोरगी त्यानं बायकोकडे दिली.

"पुन्हा असं झालं तर कुणी केलं ते कळेल?" त्यानं विचारलं.

"कळेल."

"आणि तुम्हीच केलं असेल तर?"

"तर माझं नाव येईल."

 तो म्हणाला की सान अतानासिओच्या दवाखान्याला एका तारेवर ठेवू नका, दुसरी काहीतरी सोय करा, रेडिओ ठेवा, काहीही करा. तेवढं लिहून घ्या. आणि बसला. ते लिहून घेतलं. दवाखान्यात आता रेडिओ आहे, आणि तो दर सोमवारी तपासला जातो.

इर्माला मंडळानं लेखी ताकीद दिली. तिनं ती घरी भिंतीवर नाही लावली, पण टाकूनही दिली नाही. देल्फोर परत आपल्या खुर्चीवर आला. पहिले काही आठवडे तो स्वतःचा वेगळा तुंबा घेऊन यायचा. आमच्याकडे समोरासमोर बसून दोन वेगळ्या तुंब्यांतून येर्बा पिणं म्हणजे मध्ये भिंत बांधल्यासारखंच.  सप्टेंबरच्या अखेरीस कधीतरी मी आत गेले तर टेबलावर एकच तुंबा होता आणि पाणी ती ओतत होती. कसं झालं ते दोघांपैकी कुणी सांगितलं नाही.

सर्व्हर चालू राहिला. पहिल्या महिन्यातच त्यानं तीन वेळा नोंदवलं की खांबांवरच्या पोरांपैकी एक जण बुधवारी दुपारी झोपेच्या वेळात पेटीत शिरतो. चौकशी केली तर तो आपल्या सासूच्या लाइनचा वेग वाढवून ठेवत होता. रीडेलसाहेब म्हणाले, ही तर कमालच झाली, आणि त्यांनी त्यालाही लेखी ताकीद दिली. सासूनं संस्थेत येऊन भांडण केलं. तेही माझ्याच खिडकीवर.

दोन वर्षांनी इर्मा निवृत्त झाली. निरोपाच्या जेवणात मांस भाजलं, देल्फोरनं भाषण करायचं ठरवलं होतं आणि केलं नाही. नियम इर्मानंच लिहिला होता, की माणूस गेला की त्याच दिवशी त्याचं नाव सर्व्हरवरून काढायचं. ते काम देल्फोरचं.

तीन आठवड्यांनी ती ऑफिसात आली. हातात पास्ताफ्रोला होती, म्हणजे क्विन्स नावाच्या फळाच्या मुरंब्याचा, वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी घातलेला गोड केक. सगळ्यांची चौकशी केली, आत गेली, आपल्या जुन्या खुर्चीवर बसली आणि सहज म्हणून नाव आणि पासवर्ड टाकला. तिला आत घेतलं.

तिनं चष्म्यावरून देल्फोरकडे पाहिलं. तो लाल झाला. म्हणाला की रोज सकाळी नावांची यादी उघडतो, तुमच्या नावावर येतो आणि मग दुसरंच काम काढतो.

"अरे पोरा," ती म्हणाली, "उद्या माझ्या नावानं कुणी आत शिरलं आणि काही करून बसलं, तर मी पुन्हा निळा कोट घालून सभेत उभी राहू का? काढ."

"आत्ता?"

"मी बसलेय तोवर."

त्यानं काढलं. दोनदा तपासलं. तिनं आपलं नाव पुन्हा टाकलं, पासवर्ड टाकला, आणि आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत राहिलो. एक क्षण गेला. मग ओळ आली, की प्रवेश नाही. तिनं ती मोठ्यानं वाचली, जशी ती प्रत्येक नवीन गोष्ट मोठ्यानं वाचायची. समाधानानं मान हलवली. मग खुर्चीवरून उठली, त्याला म्हणाली की सुरी आण, आणि थर्मास पहिल्यांदाच त्याच्याकडे सरकवला.

त्यानं ओतलेलं पाणी फार गरम होतं. तिनं तसं सांगितलंही.